पांढरी पावडर द्या, म्हणजे नेमकी कोणती?

लातूरच्या गंजगोलाईत रंगाच्या कुठल्याही दुकानात जाऊन "पांढरी पावडर द्या" म्हणून बघा. दुकानदार आधी तुमच्याकडं बघतो आणि मग विचारतो, "कशाला पायजे?" हा आगाऊपणा नाही. भिंत पोतारायला निघालेली मावशी, गणपतीवाला, रांगोळीवाली, मोसंबीच्या बुंध्याला लावायला चुना मागणारा शेतकरी, साचा पाडायला शिकणारा पोरगा, सगळे हाच शब्द वापरतात आणि प्रत्येकाला वेगळीच वस्तू हवी असते. गोण्या मात्र बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या. वर छापलेलं असतं 'सुपर व्हाइट' नाहीतर 'एक्स्ट्रा फाइन', आणि खाली वजन. आत काय आहे हे बऱ्याचदा छापलेलंच नसतं.

आठ वर्षांपूर्वी मी स्वतः यात पोळलो. स्वस्तात मिळतोय म्हणून एका व्यापाऱ्याकडून शाडूच्या वीस गोण्या उतरवून घेतल्या. माती भिजली, मळली गेली, साच्यात बसली. जरा ठिसूळ वाटली, पण हंगाम तोंडावर आलेला, कोण थांबतंय. वाळवणीच्या तिसऱ्या दिवशी पहिल्या गणपतीचा खांदा गळला, मग दुसऱ्याची सोंड. हात लावला की कडांचा भुगा व्हायचा. वैतागून एका तुकड्यावर अर्धं लिंबू पिळलं, तर सोड्याच्या बाटलीसारखा फेस आला. शाडूत खडूची पूड मुबलक मिसळलेली होती. व्यापाऱ्यानं हात वर केले. ते लिंबू गोणी टेम्पोतून उतरायच्या आधी पिळलं असतं तर त्या वर्षीचा हंगाम वाचला असता. तेव्हापासून नवी गोणी पुढं सांगितलेल्या तपासणीशिवाय आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही.

आपल्याकडं पांढरं पिकत नाही

मराठवाड्याचा बहुतेक भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे. हा काळा पाषाण झिजला की काळी माती होते. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. चिनी माती म्हणजे केओलिन मात्र मुख्यतः ग्रॅनाइटसारख्या दगडातलं फेल्डस्पार कुजून तयार होतं. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाइट दिसतो, पण बाजारात येणारा माल तिथला नाही. चिनी माती येते गुजरात, राजस्थान, केरळातून, जिप्सम आणि शंखजिरे राजस्थानातून, बेंटोनाइट ही पाण्यात फुगणारी माती कच्छमधून. शाडूही गुजरातेतूनच ट्रकनं येतो. माल चार हात बदलून येतो आणि प्रत्येक हातात त्याचं नाव थोडं बदलतं. म्हणून ओळखायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

तरी पांढऱ्या मातीशी आपलं नातं जुनं आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे जुन्या तगरला, सातवाहन काळातल्या केओलिनच्या छोट्या मूर्ती सापडल्या आहेत. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात तो काळ काचेपलीकडं मांडलेला आहे. त्या मूर्ती दुहेरी साच्यातल्या: पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, दोन्ही दाबून जोडायचे आणि आतून पोकळ ठेवायचे. आज मी गणपती करतो तो हाच प्रकार आहे. मूर्तिकाम शिकणाऱ्यानं एकदा तेरला जाऊन त्या मूर्तींची जोडाची रेघ शोधावी. अजिंठ्यालाही मातीच्या गिलाव्यावर आधी पांढरा पातळ हात दिला आणि मग त्यावर रंग चढले.

आणखी एक पांढरी आपल्या बोलण्यातच आहे. शेत ती 'काळी' आणि गावठाण ती 'पांढरी'. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, राख, शेण यांनी झालेली ही राखाडी-पांढरट माती धाब्यावर टाकायला आणि भिंती पोतारायला वापरतात. कामाला ती चांगली आहे, पण ती चिनी माती नव्हे आणि तिच्यापासून भांडी होत नाहीत. दुसरं म्हणजे तेर, पैठण, भोकरदनसारख्या ठिकाणी या पांढरीच्या टेकाडांत इतिहास पुरलेला आहे. तिथली माती खणून आणू नका. चार पाट्या मातीसाठी दोन हजार वर्षांची खापरं फोडायची काही गरज नाही.

लिंबू, हळद, काच आणि वाटी

तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. दोन वाट्या, अर्धं लिंबू किंवा थोडं व्हिनेगर, चिमूटभर हळद, फुटक्या काचेचा तुकडा आणि जुना तवा एवढं पुरतं. गोणीच्या तोंडाशी असलेली पावडर घेऊ नका. हात आत घालून मधली घ्या, कारण भेसळ करणारा तोंडाशी चांगला माल ठेवतो. पावडर जिभेला लावून बघायची जुनी सवय सोडा.

सुरुवात चिमटीपासून करा. अंगठा आणि तर्जनीमध्ये पावडर चोळली आणि साबणासारखी घसरली, तर ते शंखजिरे, म्हणजे टाल्क. जगातल्या सगळ्यात मऊ खनिजांत त्याची गणना होते आणि कठीणपणाच्या दहा पायऱ्यांत ते पहिल्या पायरीवर आहे. चिनी माती मऊ पण कोरडी लागते आणि बोटाला चिकटते. तिच्यावर तोंडाची वाफ सोडून हुंगलं तर पहिल्या पावसासारखा वास येतो. बोटांत कचकच लागली तर काचेवर घासा. काचेवर ओरखडा उठला की ती गारेची, म्हणजे क्वार्ट्‌झची पूड. संगमरवराच्या किंवा डोलोमाइट या चुनखडीसारख्या दगडाच्या पुडीनं काचेला काही होत नाही. गारेची पूड हाताळणं धोक्याचं आहे, त्यावर पुढं बोलू.

मग पाणी. वाटीत पाणी घेऊन वरून चिमूटभर पावडर भुरभुरा. शंखजिरे पाण्याला धार्जिणं नाही, बराच वेळ वर तरंगतं. बेंटोनाइट वरच थांबून हळूहळू फुगतं आणि खाली जेलीसारखं बसतं. खडू, डोलोमाइट, गारेची पूड सरळ तळाला जाते. आता दुसऱ्या वाटीत थोडी जास्त पावडर भज्याच्या पिठाइतकी घट्ट कालवा आणि बाजूला ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत वाटी कोमट झाली आणि आतलं दगडासारखं झालं, तर ते प्लास्टर ऑफ पॅरिस. घट्ट न होता मळता आलं, बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळली आणि तुटली नाही, तर ती खरी माती, शाडू किंवा चिनी. वळी होतच नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, ती दगडाची पूड आहे.

लिंबाची पाळी तिसरी. खडूची किंवा चुनखडीची पूड लिंबू पडताच फसफसते. डोलोमाइट थंड असताना जेमतेम बुडबुडे सोडतं, गरम व्हिनेगरमध्ये जरा जास्त. चिनी माती, शंखजिरे, गार, जिप्सम, प्लास्टर, यांतलं काहीच फसफसत नाही. थोडा अपवाद असा की मातीत नैसर्गिक चुनखडीचे कण असले तर एखाद-दुसरा बुडबुडा येतो. तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. फेस उभा राहिला तर मात्र गोणी परत पाठवा.

हळदीची परीक्षा फक्त चुन्यासाठी. कालवलेल्या पावडरीत हळद टाका. लालभडक झाली की चुना जिवंत आहे. हळद-चुन्याचं कुंकू आपल्या आज्या याच गुणावर करायच्या. हवेत पडून जुना झालेला चुना परत खडूच होतो, त्यात हळद फिक्कटच राहते. असा चुना भिंतीला पकड देत नाही आणि बागेत तर त्याचा काहीच उपयोग नाही.

तवा शेवटी, तोही गरज पडली तरच. कच्च्या जिप्समची पूड तव्यावर तापली की उकळल्यासारखी नाचते, कारण तिच्यात अडकलेलं पाणी वाफ होऊन निघतं. साधारण दीडशे अंशांवर जिप्सम असं भाजलं की त्यातलं पाऊण पाणी जातं आणि प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होतं. पॅरिसजवळच्या जिप्समच्या खाणींवरून ते नाव पडलं. मैदा किंवा स्टार्च मिसळलेला असेल तर करपल्या भाकरीचा वास येतो आणि पूड तपकिरी पडते.

चुना: भिंतीला आणि बुंध्याला

पोतारणीसाठी तयार पुडीचा चुना मिळतो, पण कळीचा चुना घरी विझवलेला त्याहून कितीतरी चांगला. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि मग चुन्याचे खडे थोडे थोडे सोडा. पाणी खदखदतं, वाफ येते, शिंतोडे उडतात. वारा येतो त्या बाजूला उभं राहा, डोळ्यांना चष्मा लावा, पोरांना घरात पाठवा. एक किलो चुन्याला पाच लिटर पाणी हा अंदाज धरा. चुना दोन-तीन दिवस भिजत ठेवा, वरून पाण्याचा थर राहू द्या. मग जुन्या धोतराच्या किंवा पातळाच्या फडक्यातून गाळा. दहा लिटर चुन्याला साधारण चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला आणि पिवळेपणा जाण्यासाठी नीळ अगदी चिमूटभर. नीळ जास्त झाली की भिंत आजारी दिसते, हे मी दोन खोल्या बिघडवून शिकलो.

भिंत कोरडी असताना चुना लावू नका. आधी पाण्याचा हबका मारा, नाहीतर भिंत चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि पांढरा हात कपड्याला लागत राहतो. पहिला हात आडवा आणि दुसरा उभा द्या. ओला असताना चुना पारदर्शक दिसतो आणि "लागलाच नाही" असं वाटून माणूस जाड थर देतो. तसं करू नका, दुसऱ्या दिवशी तो आपोआप पांढरा होतो. चुना डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा आणि मग दवाखाना गाठा. तूप, तेल, दूध काही घालू नका.

जालना, बीड, छत्रपती संभाजीनगरच्या मोसंबी पट्ट्यात चुन्याचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे बुंध्याची बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर भिजवा. लोखंडी भांडं वापरलं तर मोरचूद ते खाऊन टाकतं. एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात वेगळा विझवा, थंड होऊ द्या आणि गाळा. मग तिसऱ्या भांड्यात दोन्ही एकाच वेळी, सारख्या धारेनं ओतत ढवळा. रंग आकाशी यायला हवा. आता स्वच्छ लोखंडी सुरी किंवा विळ्याचं टोक त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांब्यासारखा लालसर थर बसला तर चुना कमी पडला आहे. चुन्याची थोडी निवळी घाला आणि पातं पुसून परत बघा. पातं जसंच्या तसं निघालं की मिश्रण झाडाला घालायला तयार. माझा मेव्हणा अंबडकडं बाग करतो. तो म्हणतो की दुकानदाराचा शब्द एकीकडं आणि विळ्याचं पातं एकीकडं. पेस्ट त्याच दिवशी वापरा आणि बुंध्याला जमिनीपासून अडीच-तीन फूट लावा. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा.

शाडू: इथंच खरा वेळ द्यावा लागतो

शाडूचं काम घाईनं बिघडतं, आणि आपल्या हवेत जास्तच बिघडतं. पेणच्या कोकणी दमट हवेत शिकलेले नियम आपल्याकडं जसेच्या तसे चालत नाहीत.

पावडर आधी चाळा. टबात पाणी घेऊन त्यावर पावडर पसरत जा, पाणी तिच्या वर बोटभर राहील इतकं ठेवा आणि दोन दिवस हात लावू नका. लगेच ढवळलं तर आत कोरड्या गुठळ्या राहतात आणि त्या नेमक्या सोंडेच्या वळणावर उघड्या पडतात. दोन दिवसांनी वरचं पाणी काढून चिखल सिमेंटच्या फरशीवर किंवा गोणपाटावर पसरा. जास्तीचं पाणी शोषलं गेलं की मळायला घ्या. चपातीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट हवी. आम्ही पिंजलेला कापूस अगदी थोडा मिसळतो, दहा किलोला दोन मुठी. काही जण कागदाचा लगदा घालतात, त्यानं वजन कमी होतं पण पृष्ठभाग खरबरीत येतो. मळल्यावर ओल्या गोणपाटाखाली आणखी एक रात्र ठेवली तर माती मऊ येते. ही रात्र बहुतेक जण वाचवतात आणि नंतर पस्तावतात.

साच्यात माती दाबताना जाडी सगळीकडं सारखी ठेवा, अंगठ्याएवढी. आतून पोकळ. जाड-पातळ झालं की पातळ भाग आधी वाळतो, जाड भाग मागाहून आकसतो आणि मधे भेग पडते. दोन भाग जोडताना दोन्हींची ओल सारखी असली पाहिजे. जोडाच्या कडेवर खिळ्यानं आडव्या-तिडव्या रेघा ओढा, मातीचा पातळ घोळ लावा आणि दाबा. नुसतं पाणी लावून जोडलेला हात विसर्जनाच्या आधीच निखळतो.

आता वाळवण. आम्ही मे-जूनला कामाला लागतो. त्या वेळी पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारी झळा. पहिले दोन दिवस मूर्तीवर प्लास्टिक सैल टाकून ठेवा, तिसऱ्या दिवसापासून रोज थोडं थोडं उघडा. कान, बोटं, सोंडेचं टोक, मोदकाचा हात हे भाग अंगापेक्षा आधी वाळतात. त्यांच्यावर ओल्या फडक्याच्या चिंध्या गुंडाळा. आमच्या कारखान्यात तेव्हा सगळे गणपती पट्ट्या बांधलेल्या पेशंटसारखे दिसतात. पंखा लावू नका, गच्चीवर नेऊ नका. एक फुटी मूर्तीला सावलीत आठ-दहा दिवस द्या, पावसाची झड लागली तर त्याहून जास्त.

भेग पडलीच तर ओली माती भरू नका. ती वाळताना आकसते आणि पापुद्रा होऊन गळते. त्याच मातीची कोरडी पूड डिंकात घट्ट कालवा, भेग ओलसर करा, भरा आणि वाळल्यावर घासून घ्या. इथं थोडी खडूची पूड मिसळली तरी चालते. खडू वाईट नाही, तो चुकीच्या जागी असला की वाईट.

रंगाला कधी घ्यायचं ते ओळखायची एक सोपी युक्ती आहे. मूर्तीची पाठ आपल्या गालाला लावा. गार लागली तर आत ओल आहे. कोरडी माती गालाला गार लागत नाही. बोटांना हे कळत नाही, दिवसभर काम करून ती बधिर झालेली असतात.

घरी विसर्जन केलेला शाडू टाकून देऊ नका. बादलीत काही तासांत मूर्ती विरघळते. वरचं रंगाचं पाणी दोन-तीनदा ओतून टाका, खालची माती वाळवा, कुटा, चाळा आणि पुढच्या वर्षीसाठी ठेवा.

प्लास्टर ऑफ पॅरिस: साच्यासाठी हो, मूर्तीसाठी विचार करून

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली होती. नंतर हा विषय न्यायालयात फिरत राहिला, त्यामुळं दर हंगामाआधी आपल्या नगरपालिकेचा ताजा नियम विचारून घ्या. माझं मत विचाराल तर प्लास्टरचा जन्मच साच्यासाठी झालाय. ते बारीक रेघसुद्धा उचलतं आणि पाणी शोषतं, म्हणून ओली माती त्यातून अलगद सुटते.

साचा पाडायचा तर मूळ वस्तूला साबणाचं घट्ट पाणी दोनदा आणि वरून तेलाचा पुसट हात द्या. एक किलो पावडरीला सातशे मिलिलिटर पाणी. साचा जास्त टणक हवा असेल तर सहाशे, पण मग तो पाणी कमी शोषतो. पाणी आधी, पावडर नंतर, हा क्रम मोडू नका. पावडर चाळत पाण्यावर पसरत जा, मिनिटभर मुरू द्या आणि हात तळाशी ठेवून सावकाश ढवळा. ताकासारखं घुसळलं तर हवा भरते आणि साच्याला देवीचे व्रण उठतात. घट्ट सायीसारखं झालं की एका कोपऱ्यातून ओता आणि टेबलाला खालून हलके ठोके द्या. मीठ किंवा गरम पाणी घातलं तर लवकर घट्ट होतं, लिंबाचे काही थेंब घातले तर उशिरा. एकदा घट्ट व्हायला लागलेल्या मिश्रणात पाणी घालून वाचवायचा प्रयत्न करू नका, ते मेलेलं असतं.

घट्ट होताना ते तापतं. पोरं हौसेनं हाताचा ठसा घ्यायला जातात, पण जाड थरात हात अडकवला तर भाजतं. हात अडकवायचा नाही म्हणजे नाही. उरलेलं मोरीत ओतू नका, पाइपात बसतं. बादलीतच वाळू द्या आणि फोडून काढा.

प्लास्टरची मूर्ती घरात आलीच असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं काढलेला मार्ग आहे. मूर्ती बुडेल एवढं पाणी बादलीत घ्या, मूर्तीच्या वजनाएवढं अमोनियम बायकार्बोनेट घाला आणि अधूनमधून ढवळत राहा. सुमारे ४८ तासांत मूर्ती विरघळते. खाली खडूसारखा साका उरतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे ओळखीचं खतच. ते पातळ करून झाडांना घालता येतं. अमोनियाचा वास येतो, बादली अंगणात ठेवा.

बाकीच्या पावडरी, थोडक्यात

रांगोळी म्हणून आपण विकत घेतो ती बहुतेक डोलोमाइट किंवा संगमरवराची पूड असते. जुन्या काळी शिरगोळ्याचा दगड कुटून करायचे. रांगोळी फार बारीक असली तर चिमटीतून सुटत नाही आणि वाऱ्यावर उडते. बारीक रव्यासारखी घ्या.

शंखजिऱ्याची ओळख शेतकऱ्याला वेगळ्या नावानं असते. बीजप्रक्रियेला ट्रायकोडर्माची जी भुकटी आणतो, तिच्यात बुरशीचे बीजाणू थोडे आणि बाकी बहुतेक वाहक म्हणून शंखजिरे. म्हणून ती बियाण्यावर इतकी सरसकट बसते. रबराच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यांत हेच भरणी म्हणून जातं.

चिनी माती कागदाला, रंगाला, रबराला लागते. आणि पावसाचा खंड पडला की केओलिन म्हणून शेतातही येते. पानावर पांढरा पातळ थर बसला की ऊन परतवलं जातं आणि पानातून पाणी कमी उडतं. दहा लिटर पाण्यात सहाशे ते आठशे ग्रॅम. फवारणीसाठी ३०० मेश किंवा त्याहून बारीक घ्या, नाहीतर नोझल तुंबतं. मेश म्हणजे चाळणीच्या एक इंचात किती भोकं. २०० मेश म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉन, ३०० मेश म्हणजे ५० च्या आसपास. आकडा वाढला की पूड बारीक. फवारताना पंप सतत हलवत राहावा लागतो, माती तळाला बसते.

बेंटोनाइट वाळूजसारख्या औद्योगिक पट्ट्यांतल्या ओतकामाला वाळू बांधायला वापरतात. मुरूम लागलेल्या शेततळ्याचं पाणी अडवायलाही ते उपयोगी पडतं. मूर्तीला ते वापरू नका. प्रचंड आकसतं.

परळीच्या औष्णिक केंद्राची राख या यादीत नाही. ती करडी असते आणि विटा-सिमेंटच्या कामाची. पण कुणी 'व्हाइट सिमेंट पावडर' म्हणून करडी पूड गळ्यात मारत असेल तर ही शंका आधी घ्या.

धूळ

गारेच्या पुडीबद्दल थांबलो होतो. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांना आतून अस्तर देतात ते याच पुडीचं. तिचे डोळ्याला न दिसणारे कण फुप्फुसात जाऊन बसतात, कायमचे. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. चुना जळजळतो म्हणून माणूस सावध असतो. गारेची धूळ काहीच जाणवू देत नाही. काचेवर ओरखडा उठवणारी पूड हाताळायची असेल तर एन-९५ मास्क लावा. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवत नाही, फक्त समाधान देतो. इतर कुठल्याही पावडरीची गोणी उघडताना आणि चाळताना हाच मास्क वापरा. खोली झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. तान्ह्या बाळाच्या अंगावर शंखजिऱ्याची पावडर उधळायचीही गरज नाही, ती त्याच्या श्वासात जाते.

आणि घरात कुणी दिवस गेलेली सून भिंतीची माती किंवा खडू खात असेल तर तिला हसू नका, लपून खायला लावू नका. बऱ्याचदा अंगात लोह कमी असल्याची ती खूण असते. आशाताईला सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या.

ठेवणं

गोण्या फरशीवर नाही, लाकडी फळीवर आणि भिंतीपासून हातभर लांब. प्लास्टर आणि कळीचा चुना ओल पिऊन मरतात, म्हणून आषाढ लागायच्या आत ते झाकणाच्या पिंपात गेले पाहिजेत. गेल्या वर्षीचं प्लास्टर वापरायचं असेल तर आधी वाटीभर कालवून घड्याळ लावा. अर्ध्या तासातही घट्ट झालं नाही तर साच्यासाठी धरू नका.

प्रत्येक गोणीवर मी जाड मार्करनं तीन गोष्टी लिहितो: तपासून निघालेलं नाव, तारीख आणि लिंबाला फेस आला की नाही. आमच्या कारखान्यात सध्या एका गोणीवर लिहिलंय, 'शाडू, फेस नाही, १२ मे'. तिच्या शेजारी जुन्या वीसांपैकी उरलेली एक गोणी अजून आहे. तिच्यावर 'भेगा बुजवायला' असं लिहिलंय, आणि दर वर्षी तिच्यातली एखाद-दोन मुठी पूड कामाला येते.